रविवारी पाच ते नऊ

तक्रारीचा फोन पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी वाजला आणि मनस्विनीने तो पहिल्याच रिंगला उचलला. दहावीच्या वर्षात पहाटे जागं असणं सक्तीचं असतं, आणि भूमिती सोडून उठायला तिला कुठलंही निमित्त चालत असे.

"शेजार नेट. बोला."

"ताई, तुमचं नेट चालू हाय का?" आवाज एका होस्टेलच्या रेक्टरांचा होता. "आमचं तेजोवाणीचं गेलंय. आठला पोरांची परीक्षा हाय!"

"आमचं चालू आहे, सर."

फोन ठेवताना तिला हसू फुटलं. तेजोवाणीचं गेलं! दोन वर्षांपूर्वी ही कंपनी लातूरच्या ट्यूशन एरियात आली होती. दुमजली उंचीचे बोर्ड, पहिले तीन महिने फुकट. तेव्हापासून आईची, म्हणजे विनीताची, 'शेजार नेट' रोज थोडी थोडी बारीक होत चालली होती.

मग दुसरा फोन आला. तिसरा. सातवा. सगळे एकाच रस्त्यावरचे, सगळे तेजोवाणीचे. सातव्या फोनला तिचं हसू आटलं. एवढी मोठी कंपनी, आणि नेमकी शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी?

तिने भुजंगकाकांना फोन लावला. शेजार नेटचे एकुलते एक लाइनमन. परीक्षेच्या दिवशी ते उजाडायच्या आत सगळी लाइन पायी फिरून बघत, खांबागणिक.

फोन बंद होता.

भुजंगकाकांचा फोन कधीच बंद नसे.

*

साखराबाईंच्या मेससमोरच्या खांबाखाली सात वाजता शंभरेक माणसं जमली होती. तेजोवाणीची जाड काळी केबल खांबावरून लोंबत होती. तुटली नव्हती, कापलेली होती, अगदी साफ.

खाली धुळीत दोन वस्तू पडल्या होत्या. लाल चिकटपट्टी गुंडाळलेली एक पकड. आणि डाव्या पायाची एक चप्पल.

मनस्विनीने आईचा हात घट्ट धरला. दोन्ही वस्तू त्यांच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होत्या.

फौजदार उज्वला मॅडम गुडघ्यावर बसल्या. चपलेच्या पट्ट्यावर एक काळपट डाग होता.

"ग्रीस असेल," मागून कोणीतरी म्हणालं. तेजोवाणीचे एरिया मॅनेजर मुकुल सर. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. पुण्याहून बदली होऊन आठ महिने झाले होते, पण लातूरची धूळ त्यांच्या बुटांवर कधी बसलेली दिसली नव्हती.

"ग्रीस की काय ते तपासू," मॅडम म्हणाल्या. "ही पकड कोणाची?"

विनीताने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "आमच्या भुजंगची."

"तो कुठंय?"

"माहीत नाही. फोन लागत नाही."

मुकुल सरांनी उसासा टाकला. "मॅडम, आज लाइनला कोणी हातसुद्धा लावायचा नाही असा माझा लेखी आदेश होता. महिनाभर तयारी केली. चार हजार मुलं आठ वाजता बसणार होती. आणि यांचा माणूस पकड घेऊन खांबावर चढतो. याला स्पर्धा म्हणायची?"

गर्दीतून कुजबुज उठली. एक बाप ओरडला, "लायसन काढून घ्या यांचं!"

मनस्विनी पुढे झाली. "काका असं करणार नाहीत! ते दुसऱ्याची केबल बाजूला करतानासुद्धा हळूच करतात!"

"बाळ," मुकुल सर फार गोड आवाजात म्हणाले, "मग ते पळाले कशाला?"

एक चप्पल टाकून माणूस पळतो कसा, हा प्रश्न मात्र तेव्हापासून तिच्या डोक्यात रुतून बसला.

*

मंगळवारी सुनावणी होती. सगळं त्या मंगळवारापाशी येऊन अडत होतं.

तेजोवाणी होस्टेलमालकांकडून एका कागदावर सह्या घेत होती: या इमारतीत दुसऱ्या कुठल्याही कंपनीची वायर येणार नाही. मग पोरांनी करायचं काय? जे मिळेल ते, ज्या वेगाने मिळेल त्या वेगाने, मुकाट्याने वापरायचं. विनीताने थेट सरकारकडे अर्ज केला होता. दूरसंचार खात्याचे साहेब मंगळवारी लातूरला येऊन ऐकणार होते. अकरा होस्टेलांतून ज्याने टाकलेली वायर उपटून फेकली आणि ज्याला मालकांनी तो कागद दाखवला, असा साक्षीदार एकच होता. भुजंग.

निलंग्याकडच्या एका खेड्यातला माणूस. भूकंपात घर बसलं, तेव्हा तो विशीत होता. आई आणि बहीण दगडमातीखाली गेल्या, तो अंगणात झोपला होता म्हणून राहिला. पंचवीस वर्षं होत आली, तरी डोक्यावर वजन असलेल्या छताखाली त्याला झोप लागत नसे. शेजार नेटच्या गोडाऊनच्या अंगणात त्याची बाज असे. पाऊस आला की पत्र्याच्या शेडमध्ये सरके. विनीताने कितीदा खोली देऊ केली. तो म्हणे, "वैनी, पत्रा पडला तर टेंगूळ येतं. स्लॅब पडला तर काय येतं, ते म्या बघितलंय."

*

दुपारी पोलीस ठाण्यात शिवलिंगचा जबाब झाला. शिवलिंग हा तेजोवाणीचा लाइनमन, उदगीरकडचा. कंपन्या एकमेकींच्या वैरी, पण लाइनमन एकाच टपरीवर चहा घेत. भुजंगला तो दादा म्हणे.

मुकुल सर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. विनीता आणि मनस्विनी भिंतीशी उभ्या होत्या.

"भुजंगला शेवटचं कधी पाहिलंस?"

"शनवारी रातीला. माझ्या खोलीवर आला. जेवलो संगं."

"मग?"

"मग तिथंच झोपला."

"खोली कुठंय?"

"चार मजली बिल्डिंग हाय, मॅडम. तळमजला."

"पुढं?"

"पहाटं चारला उठला. पकड घेतली. म्हणला, आज तेजोवाणीची जिरवतो. सकाळी मुरुडच्या गाडीत बसताना दिसला मला."

पाठ केलेल्या कवितेसारखं बोलला. मॅडमनी लिहून घेतलं. पेन थांबल्यावर शिवलिंग न विचारता पुन्हा म्हणाला, "आत झोपला, मॅडम. खोलीत. माझ्या बाजूला." आणि हे म्हणताना त्याने मॅडमकडे नाही, मनस्विनीकडे पाहिलं.

एकच क्षण. मग मान खाली.

काय होतं त्या नजरेत? राग नव्हता. भीती होती, पण नुसती भीतीही नव्हती.

पोलिसांची गाडी मुरुडकडे गेली. भुजंग मुरुडला सापडला नाही. बार्शीलाही नाही.

*

सोमवारी शाळेत कोणी तिच्याशी बोललं नाही. जे बोलले, ते असं, "काय गं, तुझ्या काकांनी आमच्या दादाचं वर्ष घालवलं ना?" परीक्षा बुधवारवर ढकलली गेली होती, हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

घरी आली तर दिवाणखान्यात मुकुल सर बसलेले. समोरच्या चहाला त्यांनी हात लावला नव्हता.

"तुम्ही अर्ज मागे घ्या, मॅडम. मी पोलिसांतली तक्रार मागे घेतो. सगळे सुखी."

"आणि भुजंग?" विनीताने विचारलं.

"तो येईल परत. मंगळवार होऊ द्या."

"तुम्हाला कसं माहीत?"

मुकुल सर उठले. "अंदाज."

ते गेले. आई टेबलापाशी बसली आणि अर्ज मागे घ्यायचा मजकूर लिहू लागली.

"आई, तू हरतेयस?"

"मनू, अर्ज पुन्हा करता येतो. माणूस पुन्हा आणता येत नाही." तिने वर पाहिलं नाही. "जा, साखराबाईंकडून डबा आण. आज काही शिजवायचं नाही मला."

*

साखराबाईंची मेस म्हणजे तळमजल्यावरचं स्वयंपाकघर आणि वर तीन मजले पोरींचं होस्टेल. जिन्याखाली तेजोवाणीची खोली होती, लोखंडी दाराची. आत कंपनीची यंत्रं. त्यांच्यासाठी एसी चोवीस तास घुमत असे.

"आली का माझी वकीलबाई!" साखराबाईंचा मिक्सर कानठळ्या बसवत होता. त्यांनी तो बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि फोन पुढे केला. "हे वाच बरं आधी. ग्यासचा म्यासेज आला का बघ. बारीक अक्षर, मला दिसतंय कुठं."

ट्यूशन एरियातल्या अर्ध्या बायांचे मेसेज मनस्विनीच वाचून दाखवी. ती भराभर वाचत गेली.

"रिचार्ज करा, दुप्पट डेटा मिळवा. हे नको. तेजोवाणीची दिवाळी भेट. नको. प्रिय ग्राहक, नियोजित देखभालीसाठी आपल्या भागातील सेवा रविवारी पहाटे पाच ते सकाळी नऊ बंद राहील, क्षमस्व. नको. मोबाइल बदला, नंबर तोच ठेवा. नको. हां, गॅस! उद्या येणार सिलिंडर."

"देव पावला. नेट तर काय येत न्हाई बघ. सगळ्या गल्लीचं काल दुपारीच आलं, आमच्याच बिल्डिंगचं बंद. पोरी बेजार करून राहिल्यात मला. कंपनीवाला म्हणतो, पार्ट यायचाय." साखराबाई डब्यात वरण ओतत होत्या. "आणिक माझं पाणी गेलं ते येगळंच."

"कुठलं पाणी?"

"अगं, त्या एसीचं! मागच्या बोळात पाइपाखाली ड्रम ठेवते ना मी. रोज दोन बादल्या मिळत्यात भांडी घासायला. रेल्वेनं पाणी आलं होतं ना लातूरला, तवापासून एक थेंब सोडत न्हाई मी. कालपासून ड्रम कोरडा ठाक."

"एसी बंद पडला असेल."

"बंद पडंल कसा? मागं एकदा तासभर बंद होता, तर त्या शिवलिंगाला वरून केवढ्या शिव्या बसल्या. यंत्रं जळत्यात म्हणं त्याच्याबिगर."

साखराबाईंनी मिक्सर पुन्हा सुरू केला. त्या आवाजात मनस्विनी डब्याची कडी लावत होती. तिची बोटं मध्येच थांबली.

रविवारी पहाटे पाच ते सकाळी नऊ.

तिने साखराबाईंचा फोन हिसकावल्यासारखा घेतला. मेसेज कधी आला होता? शनिवार, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं.

डबा तिथेच राहिला. मनस्विनी मागच्या बोळात धावली. ड्रम कोरडा होता. परत येऊन तिने जिन्याखालच्या लोखंडी दाराला कान लावला. नेहमीची घरघर नव्हती. पण काहीतरी होतं. अगदी बारीक. पत्र्यावर नखाने ओरखडल्यासारखं. थांबून थांबून.

"काका?"

ओरखडा थांबला. मग घाईघाईने तीनदा आला.

*

मनस्विनीने फोन केल्यावर उज्वला मॅडम वीस मिनिटांत आल्या. मॅडमनी बोलावलेले मुकुल सर त्यानंतर पाच मिनिटांनी, आणि त्यांच्या मागे शिवलिंग, मान खाली घालून.

"दार उघडा," मॅडम म्हणाल्या.

"शक्य नाही. आत चालू लाइनची यंत्रं आहेत. सरकारी परवान्याखालची खोली आहे. पुण्याहून लेखी मंजुरी लागते, आणि किल्लीही तिकडंच." मुकुल सरांचा आवाज घसरला नाही. "कोणा मुलीला उंदराचा आवाज ऐकू आला म्हणून मी यंत्रणा उघडू? आणि तोडलंत, तर जबाबदारी तुमची."

मॅडमनी मनस्विनीकडे पाहिलं. "बोल. भराभर बोल, पण एकामागून एक बोल."

आई जिन्यापाशी उभी होती. वरच्या मजल्यांवरून पोरी वाकून बघत होत्या. मनस्विनी मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, काल खांबाखाली सर म्हणाले, आज लाइनला हात लावायचा नाही असा माझा लेखी आदेश होता. तुम्ही ऐकलंत. मग हा मेसेज बघा. तेजोवाणीचाच. शनिवारी संध्याकाळी आलेला. रविवारी पाच ते नऊ सेवा बंद राहील. आठच्या परीक्षेसाठी महिनाभर तयारी करणारा माणूस पाच ते नऊ देखभाल ठेवतो का?"

"कार्यालयीन चूक," मुकुल सर म्हणाले.

"मग चूक बरोबर कशी निघाली? केबल पाचलाच कापली. पहिला फोन मला पाच बाराला आला. काका केबल कधी कापणार, हे तुमच्या कंपनीला आदल्या संध्याकाळी कसं कळलं?"

मॅडमनी मेसेज दोनदा वाचला. "पण स्वतःच कापायची, तर आधी कळवायचं कशाला? एवढा मूर्ख कोण असतो?"

"मूर्ख नाही, मॅडम. फार हुशार!" मनस्विनी आता थांबणार नव्हती. "आईच्या कंपनीलाही तोच नियम आहे. लाइन अचानक गेली, तर ते तास कंपनीच्या दोषात धरतात, आणि तसा अहवाल सरकारला जातो. आधी नोंदवून बंद ठेवली, तर दोष नाही. सरांना आमच्यावर आळही घ्यायचा होता आणि स्वतःचा अहवालही स्वच्छ ठेवायचा होता. म्हणून शनिवारी गुपचूप नोंद केली. पण अशी नोंद झाली की ग्राहकांना मेसेज जायलाच हवा. यंत्र आपोआप पाठवतं, ते कोणाला विचारत नाही. तुमच्या जाहिराती एवढ्या येतात सर, की तुमचा मेसेज कोणी वाचतच नाही. तुम्हीसुद्धा वाचला नाहीत."

मुकुल सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तो नुसताच हातात धरून ठेवला.

"आणि भुजंग?" मॅडमनी विचारलं.

"काका लाइन बघायला पाचच्या सुमाराला इथं आले. त्यांनी केबल कापणाऱ्याला पाहिलं. त्यांना गप्प करावं लागलं. लांब न्यायला वेळ नव्हता, उजाडत होतं. दहा पावलांवर ही खोली. मिक्सरच्या आवाजात आतलं काही ऐकू येत नाही. पकड आणि चप्पल खाली ठेवली की काकाच चोर. मग सगळ्या गल्लीचं नेट येतं, पण या इमारतीचं येत नाही, कारण या खोलीत दुसरा माणूस पाठवायचा नाही. आणि एसी बंद. यंत्रांना जो गारठा लागतो त्यात जखमी माणूस दोन दिवस टिकत नाही. कोणीतरी यंत्रं जळू दिली, पण माणूस गारठू दिला नाही."

ती शिवलिंगकडे वळली. "शिवलिंगकाका, तुम्हीच ना?"

शिवलिंगचा हात कमरेपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"तुम्ही जबाबात म्हणालात, काका तळमजल्यावरच्या खोलीत झोपले. वर तीन मजले. भूकंपानंतर भुजंगकाका एक रात्र स्लॅबखाली झोपलेले नाहीत. ते वाक्य लिहिणारा माणूस इकडचा नाही. त्याला कळलंच नाही की आपण काय लिहितोय. पण तुम्हाला माहीत होतं."

"ठाव होतं," शिवलिंग एकदम म्हणाला. आवाज फाटला. "सायबानं लिहून दिलं. ठाव होतं म्हणूनच दोनदा म्हणलो. तुला कळंल म्हणलं, पोरी. काल दिवसभर वाट बघितली म्या."

"तोंड सांभाळून बोल!" मुकुल सर पहिल्यांदाच ओरडले.

"सांभाळलंच होतं की आजपातुर. मला म्हणले, नुसती केबल काप. दादा अचानक समोर आला. मी घाबरलो. हातात शिडीचा दांडा होता." त्याने तोंड फिरवलं. "सायबाला फोन केला. म्हणले, मंगळवारपातुर आत ठेव. म्हणलं, आन मंगळवारनंतर? त्यावर कायबी बोलले न्हाईत."

मुकुल सर एक पाऊल मागे सरले. त्यांच्या मागे हवालदार उभा होता.

"किल्ली पुण्याला आहे म्हणालात ना?" मॅडमनी विचारलं.

शिवलिंगने कमरेचा करगोटा चाचपला आणि किल्ली काढून मॅडमच्या हातावर ठेवली.

*

दार उघडलं तेव्हा आतून जळक्या प्लास्टिकचा आणि घामाचा वास आला. भुजंग दाराशीच पडलेला होता. तोंडाला फडकं, हात मागे बांधलेले, बोटांची नखं पत्र्यावर घासून तुटलेली. केसांत रक्त वाळलं होतं. डोळे मात्र उघडे होते, आणि ते एकटक वरच्या जिन्याच्या स्लॅबवर खिळले होते. छत्तीस तास त्याने तिथून नजर हलवली नसावी.

मनस्विनी आणि विनीताने त्याला धरून बाहेर, उघड्या रस्त्यावर आणलं. साखराबाई तांब्या घेऊन धावल्या. तो प्याला, ठसकला, पुन्हा प्याला.

समोर मुकुल सरांना गाडीत बसवत होते. जाताना ते शिवलिंगकडे बोट करून ओरडले, "मी कोणाला हात लावलेला नाही! मारलं याने! विचारा त्याला!"

उज्वला मॅडम भुजंगजवळ वाकल्या. कागद गुडघ्यावर ठेवला. "भुजंगराव, खरं तेवढंच सांगा. तुम्हाला मारलं कोणी?"

भुजंगने शिवलिंगकडे पाहिलं. शिवलिंगने हात पुढे करून ठेवले होते, बेड्या कधी पडतात याची वाट बघत.

"यानंच मारलं," भुजंग म्हणाला.

मॅडमनी लिहिलं.

"आन काल दोनदा, आज एकदा, दार उघडून पाणीबी यानंच पाजलं. दर वेळी रडत होता." त्याने फुटलेले ओठ पुसले. "लिवा, मॅडम. दोन्ही लिवा."